मच्छरदाणीची परीक्षा

कीटकनाशकभारित मच्छरदाणी एकाच वेळी दोन कामे करते. साध्या मच्छरदाणीप्रमाणे ती झोपलेला माणूस आणि डास यांच्यामध्ये आड येते; शिवाय माणसाच्या वासावर आलेला डास जाळीवर टेकला की त्याला मारतेही. पहिल्या कामाची तपासणी सोपी आहे. जाळी उजेडात धरली की फाटके दिसते. दुसऱ्या कामाची तशी सोय नाही. औषध उतरून गेलेली जाळी आणि कालच पुडक्यातून काढलेली जाळी डोळ्यांना सारखीच दिसते. म्हणून या मच्छरदाणीची परीक्षा शेवटी डासाकडूनच करून घ्यावी लागते, आणि ती कशी घ्यावी यावर गेली चाळीस वर्षे शास्त्रज्ञांत बराच खल चालू आहे.

हा खल अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांत बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले होती. दुसरीकडे, ‘नेचर’ नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे ६६ कोटींहून अधिक आजार टळल्याचा हिशेब मांडला आणि त्यातला ६८ टक्के वाटा औषधी मच्छरदाण्यांच्या पदरात टाकला. एवढा भार ज्या वस्तूवर आहे, ती वस्तू खरोखर काम करते की नाही हे नेमके ठाऊक असायला हवे.

जाळीतले औषध बहुधा पायरेथ्रॉइड गटातले असते: परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अल्फा-सायपरमेथ्रिन. पायरेथ्रम या शेवंतीकुळातल्या फुलांत जी द्रव्ये सापडतात, त्यांच्या धर्तीवर कारखान्यात घडवलेली ही रसायने. डासाच्या मज्जातंतूंवर ती झपाट्याने काम करतात, आणि जाळीवर असते तेवढ्या प्रमाणात माणसाला त्यांचा धोका फार कमी असतो. त्यामुळे कित्येक वर्षे जाळीसाठी हाच एक गट चालत आला. सुरुवातीला साधी जाळी औषधाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवत. भारतातही आरोग्य कर्मचारी हिवतापाच्या गावांत जाऊन लोकांच्या मच्छरदाण्या अशा द्रावणात ‘भारित’ करून देत. पण हे औषध काही धुण्यांत उतरे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच खटाटोप. पुढे कारखान्यातच धाग्यात औषध मुरवलेल्या किंवा धाग्यावर त्याचा लेप पक्का बसवलेल्या जाळ्या आल्या. पॉलिएथिलीनच्या धाग्यात परमेथ्रिन असलेली ‘ओलिसेट’ आणि पॉलिस्टरवर डेल्टामेथ्रिनचा लेप असलेली ‘परमानेट’ या त्यांतल्या आरंभीच्या. प्रयोगशाळेत वीस वेळा धुतल्यावर आणि घरात तीन वर्षे वापरल्यावरही अशा जाळीने काम द्यावे, अशी अपेक्षा ठरवण्यात आली. पुढच्या सगळ्या चाचण्या या अपेक्षेभोवती बांधलेल्या आहेत.

त्यांतली सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त वापरात असलेली चाचणी म्हणजे शंकू चाचणी. जाळीचा २५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा फळीवर ताणून बसवतात आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा शंकू पालथा घालतात. शंकूच्या टोकाशी भोक असते. डास पकडायची काचनळी असते, तिला रबरी नळी जोडलेली. तिचे टोक तोंडात धरून हलक्या श्वासाने पाच डास ओढून घ्यायचे आणि फुंकरीने शंकूत सोडायचे. श्वास जोराचा झाला तर डासाचे पाय मोडतात आणि मग तो औषधाने मेला की माणसाच्या घाईने, हे कळायला मार्ग राहत नाही. हे डास म्हणजे ॲनॉफेलिसच्या माद्या: दोन ते पाच दिवसांच्या, रक्ताची चव अजून न घेतलेल्या. बरोबर तीन मिनिटांनी त्यांना पुन्हा नळीत ओढून कागदी पेल्यात सोडतात. पेल्याच्या तोंडावर जाळी, जाळीवर साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. खोलीचे तापमान २७ अंशांच्या आसपास आणि हवा दमट ठेवलेली.

एका तासाने पहिली मोजणी होते: किती डास पाठीवर पडून पाय झाडत आहेत, किती उडू शकत नाहीत. चोवीस तासांनी दुसरी: किती मेले. दोनदा मोजावे लागते, कारण पायरेथ्रॉइडने चीत झालेला डास कधीकधी सावरतो आणि दुसऱ्या दिवशी पेल्याच्या कडेला खुशाल बसलेला सापडतो. तासाभरात निदान ९५ टक्के डास चीत झाले किंवा चोवीस तासांत निदान ८० टक्के मेले, तर जाळी उत्तीर्ण. शेजारीच औषध नसलेल्या जाळीवर तसेच डास सोडलेले असतात. तेही मोठ्या संख्येने मरू लागले तर दोष खोलीचा, पिंजऱ्याचा किंवा हाताळणाऱ्याचा. त्या दिवसाची मोजणी रद्द. थोडेच मेले असतील तर डब्ल्यू. एस. ॲबट यांनी १९२५ साली मांडलेल्या सूत्राने तेवढी वजावट करतात. शंभर वर्षे झाली, तरी कीटकनाशकांच्या प्रयोगशाळेत या सूत्रावाचून पान हलत नाही.

चाचणीतले डास कुठले, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. जाळीवर पुरेसे औषध आहे का, एवढेच पाहायचे असेल तर औषधाला हमखास बळी पडणारे डास लागतात. केनियातल्या किसुमूच्या नावाने ओळखला जाणारा ॲनॉफेलिस गॅम्बियाचा वाण यासाठीच अनेक प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या पोसला जातो. या डासांना औषध पचवण्याची कला अवगत नाही. ते मेले, म्हणजे जाळीवर औषध शाबूत आहे. निष्कर्ष इथेच संपतो. गावातला, पिढ्यान्‌पिढ्या फवारणी सोसलेला डास त्याच जाळीवर मरेल की नाही, हे किसुमूचा डास सांगू शकत नाही. अहवाल आणि जाहिराती मात्र हे दोन निष्कर्ष सर्रास एकमेकांत मिसळतात.

धुण्याची चाचणीही अशीच काटेकोर आणि अशीच मर्यादित. जाळीचा तुकडा बाटलीतल्या अर्ध्या लिटर शुद्ध पाण्यात घालतात. लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फ्रान्समधल्या मार्सेय पद्धतीचा साबण. ३० अंश तापमान. आणि मिनिटाला १५५ हेलकावे देणारे यंत्र दहा मिनिटे चालवायचे. मग दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळायचे. धुतल्याबरोबर लगेच चाचणी घेऊन चालत नाही. पृष्ठभागावरचे औषध धुऊन गेलेले असते आणि धाग्याच्या आतले हळूहळू वर यायला वेळ लागतो. काही जाळ्यांना एक दिवस पुरतो, काहींना कित्येक दिवस. प्रत्येक जाळीचा हा काळ आधी शोधून काढावा लागतो, नाहीतर चांगली जाळी विनाकारण नापास होते. हे सगळे ठीक. पण खेड्यातल्या नदीकाठी जाळी धुतली जाते ती कपड्यांच्या पावडरीने, दगडावर आपटून, आणि वाळते रणरणत्या उन्हात. प्रयोगशाळेतली वीस धुणी आणि घरची वीस धुणी यांचा हिशेब एक नव्हे. म्हणून खऱ्या घरांत वापरलेल्या जाळ्या वर्षावर्षाने गोळा करून त्यांचीही शंकू चाचणी करतात आणि रासायनिक पृथक्करणाने दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम औषध उरले हे पाहतात.

शंकू चाचणीत एक मूलभूत उणीव आहे. तिथे माणूस नाही, रात्र नाही आणि डासाला निवडही नाही. पुष्कळदा डास जाळीवर बसायचे सोडून शंकूच्या भिंतीवर बसून तीन मिनिटे काढतो. परमेथ्रिनसारखी काही औषधे तर डासाला झोंबून दूर पळवतात. अशा जाळीवर तो कमी वेळ टेकतो, कमी मरतो आणि जाळी नापास होते, जरी घरात तिच्यामुळे चावा टळत असला तरी. यासाठी बोगदा चाचणी आहे. साठ सेंटिमीटर लांबीचा काचेचा चौकोनी बोगदा, त्याच्या एका टोकाशी पिंजऱ्यात बांधून ठेवलेला गिनीपिग किंवा ससा, आणि मध्ये आडवी लावलेली जाळी. जाळीला मुद्दाम एकेक सेंटिमीटरची नऊ भोके पाडलेली असतात. संध्याकाळी दुसऱ्या टोकाने शंभर भुकेल्या माद्या सोडतात आणि सकाळी हिशेब घेतात: किती जणी भोकांतून पलीकडे गेल्या, किती रक्त पिऊन टम्म झाल्या, किती मेल्या. इथे ८० टक्के मृत्यू किंवा रक्तपानात ९० टक्के घट हा उत्तीर्णतेचा निकष आहे. भोकांचे प्रयोजन उघड आहे. धड जाळी साधी असली तरी डासाला अडवतेच. औषधाची कसोटी फाटक्या जाळीतच लागते.

तिसरी पायरी प्रायोगिक झोपड्यांची, आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच. आफ्रिकेत बेनिन, कोत दिव्वार, बुर्किना फासो, टांझानिया या देशांत भातखाचरांजवळ, म्हणजे डास मुबलक असतील अशा जागी, एकसारख्या झोपड्यांच्या रांगा बांधलेल्या आहेत. पश्चिम आफ्रिकी घाटाची झोपडी सिमेंटच्या चौथऱ्यावर असते आणि चौथऱ्याभोवती पाण्याने भरलेला चर असतो. हा चर मुंग्यांसाठी. मुंग्यांनी रात्रीत मेलेले डास उचलून नेले तर सकाळी मोजायला काय उरणार? खिडक्यांच्या फटी अशा तिरक्या बेतलेल्या असतात की डास आत सहज येतो, पण बाहेर पडायला त्याला वाट सापडत नाही. एका अंगाला जाळीबंद व्हरांडा असतो. झोपडी सोडून पळू पाहणारे डास तिथे अडकतात.

प्रत्येक झोपडीत एक स्वयंसेवक संध्याकाळपासून पहाटेपर्यंत झोपतो. तो प्रौढ असतो, संमती देऊन आलेला असतो आणि त्याच्यावर वैद्यकीय देखरेख असते. मच्छरदाणीला चार-चार सेंटिमीटरची सहा चौकोनी भोके पाडलेली असतात, वर्ष-दोन वर्षे वापरलेल्या जाळीची नक्कल म्हणून. कोणत्या झोपडीत कोणती जाळी आहे हे झोपणाऱ्याला सांगत नाहीत. काही माणसांकडे डास जास्त ओढले जातात, काही झोपड्याही डासांच्या वाटेवर पडतात. म्हणून माणसे रोज झोपड्या बदलतात आणि जाळ्या ठरावीक काळाने फिरवल्या जातात, म्हणजे कोणत्याही जाळीच्या वाट्याला एकच नशीब येत नाही. उजाडताच टॉर्च आणि काचनळ्या घेऊन जाळीच्या आतले, खोलीतले आणि व्हरांड्यातले डास वेगवेगळे गोळा करतात. जिवंत किती, मेलेले किती, पोट लाल किती, रिकामे किती. यातून जाळीचे चार गुण एकदम कळतात: तिने डास झोपडीत येण्यापासूनच रोखले का, आलेले बाहेर पळवले का, चावे किती टाळले आणि किती डास मारले.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बुर्किना फासोतल्या सुमुसो या गावी फ्रेंच संशोधकांनी परमेथ्रिनमध्ये भिजवलेल्या जाळ्या अशाच झोपड्यांत तपासल्या, आणि भोके पडलेली औषधी जाळीही चावे बरेच कमी करते हे दिसून आले. औषधी मच्छरदाणीची कल्पना तिथून जोराने पुढे सरकली. झोपड्यांनी वाईट बातमीही तितक्याच स्पष्टपणे दिली. राफाएल एन्गेसान आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बेनिनमधल्या दोन ठिकाणांची तुलना प्रसिद्ध केली. उत्तरेच्या मालानव्हिलमध्ये डास अजून औषधाला बळी पडत होते; तिथे औषधी जाळीच्या झोपडीत आलेले ९८ टक्के डास मेले. दक्षिणेच्या लाजीमध्ये डास प्रतिकारक झाले होते. तिथे तशाच जाळीने जेमतेम ३० टक्के मारले आणि भोकांतून शिरून चावणे तर थांबलेच नाही. जाळी एकच, औषध एकच, आणि निकाल एवढा वेगळा. प्रयोगशाळेतल्या किसुमूच्या डासांवर विसंबून राहिले असते तर दोन्ही ठिकाणी जाळी अव्वल ठरली असती.

प्रतिकारशक्ती दोन मुख्य मार्गांनी येते. एकात डासाच्या मज्जातंतूवरची, औषध जिथे चिकटते ती जागाच बदलते. दुसऱ्यात डासाच्या शरीरातली काही विकरे वाढतात आणि औषध परिणाम करण्याआधीच त्याचे तुकडे करून टाकतात. स्थानिक डास किती निर्ढावले आहेत हे पाहण्यासाठी औषधाचे ठरावीक प्रमाण लावलेल्या कागदाच्या नळीत त्यांना तासभर ठेवतात आणि चोवीस तासांनी मोजतात. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर डास संवेदनक्षम. ९० टक्क्यांखाली आले तर प्रतिकारक. या निर्ढावलेल्या डासांसाठी नव्या जाळ्या आल्या. एका प्रकारात पायरेथ्रॉइडच्या जोडीला पिपेरोनिल ब्युटॉक्साइड हे द्रव्य असते. ते स्वतः फारसे मारत नाही. औषध फोडणाऱ्या विकरांना निकामी करते आणि पायरेथ्रॉइडला वाट मोकळी करून देते. दुसऱ्या प्रकारात क्लोरफेनापिर हे वेगळ्याच गटातले औषध असते.

क्लोरफेनापिरने परीक्षकांचीच परीक्षा घेतली. हे औषध मज्जातंतूंवर काम करत नाही. ते डासाच्या पेशींतली ऊर्जानिर्मिती बंद पाडते, आणि तेही थेट नाही: आधी डासाच्या स्वतःच्या विकरांनी त्याचे रूपांतर करावे लागते, तेव्हा कुठे त्यातून खरे विष तयार होते. डास जितका सक्रिय, उडता, भुकेला, तितके हे रूपांतर वेगाने होते. आता शंकू चाचणी आठवावी: दिवसाची वेळ, सुस्त डास, तीन मिनिटांचा स्पर्श, चोवीस तासांनी मोजणी. अशा परिस्थितीत क्लोरफेनापिरची जाळी अगदीच सुमार ठरते. तीच जाळी झोपडीत, रात्री माणसाकडे झेपावणाऱ्या प्रतिकारक डासांना मोठ्या संख्येने मारते, फक्त त्यांना मरायला दोन-तीन दिवस लागतात. जुनाच निकष धरून बसले असते तर आजची सर्वांत उपयोगी मच्छरदाणी पहिल्या पायरीवरच बाद झाली असती. या जाळ्यांसाठी आता बोगदा चाचणी किंवा झोपडी चाचणी घेतात आणि मृत्यू ७२ तासांपर्यंत मोजतात. गंमत म्हणजे, ज्या विकरांमुळे डास पायरेथ्रॉइडला पुरून उरतो, तीच विकरे त्याच्या शरीरात क्लोरफेनापिरचे विष तयार करायला हातभार लावतात.

तरीही झोपडीत मेलेला डास म्हणजे गावात टळलेला ताप नव्हे. हे जोडून दाखवायला गावपातळीवरच्या चाचण्या लागतात. पेद्रो अलोन्सो आणि सहकाऱ्यांनी गांबियात केलेल्या पाहणीत औषधी मच्छरदाण्या वापरणाऱ्या गावांत एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. इतका मोठा निकाल पडताळून पाहणे भागच होते. गांबिया, घाना, बुर्किना फासो आणि केनिया इथे मोठ्या चाचण्या झाल्या. केनियातल्या किलिफीमध्ये बालमृत्यू ३३ टक्क्यांनी घटले, घानाच्या नव्‍राँगोमध्ये १७ टक्क्यांनी. ख्रिश्चन लेंगेलर यांनी २००४ मध्ये अशा सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. मच्छरदाणीच नसलेल्या गावांशी तुलना करता बालमृत्यूंत सुमारे १७ टक्के घट आणि साध्या हिवतापाच्या आजारांत जवळजवळ निम्मी घट, असा त्याचा निष्कर्ष निघाला. दर हजार मुलांमागे वर्षाला साडेपाच जीव वाचतात. मच्छरदाण्यांच्या जागतिक मोहिमा या आकड्यावर उभ्या राहिल्या.

अशा चाचणीत एका घराला नवी जाळी आणि शेजाऱ्याला जुनी, असे करून चालत नाही. पश्चिम केनियात दिसून आले की औषधी जाळ्यांच्या वस्तीपासून सुमारे ३०० मीटरपर्यंतच्या, जाळी न मिळालेल्या घरांनाही संरक्षण मिळते, कारण परिसरातले डासच कमी होतात आणि म्हाताऱ्या माद्या उरत नाहीत. हिवतापाचे परजीवी माणसाच्या रक्तातून डासात गेले की त्यांची वाढ पूर्ण व्हायला दहा-बारा दिवस तरी लागतात. तोवर न जगणारी मादी कितीही चावली तरी हिवताप पसरवत नाही. म्हणून इथे एकक घर नसून गाव किंवा गावांचा गट असतो. कोणत्या गटाला कोणती जाळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात आणि मोजणी गटाच्या मध्यभागातच करतात, काठावरच्या घरांत नाही. टांझानियातल्या मिसुंग्वी जिल्ह्यात ८४ गटांत चार प्रकारच्या जाळ्यांची अशी तुलना झाली. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निकालात क्लोरफेनापिरच्या जाळीने साध्या पायरेथ्रॉइड जाळीपेक्षा मुलांतला हिवताप दोन वर्षांत ४४ टक्क्यांनी कमी केला. पुढच्या वर्षी बेनिनमधून ४६ टक्क्यांचा निकाल आला, आणि मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिकारक डासांच्या भागांत या जाळ्यांची ठाम शिफारस केली.

हे निकाल भारतात जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. आफ्रिकेतला मुख्य वाहक ॲनॉफेलिस गॅम्बिया माणसाच्या मागे लागलेला आणि घरात रात्री चावणारा. भारताच्या मैदानी खेड्यांतला ॲनॉफेलिस क्युलिसिफेसिस गुरांवर अधिक पोसतो आणि गोठ्यातच विसावतो. जंगल-डोंगरातला ॲनॉफेलिस फ्लुविअ‍ॅटिलिस मात्र पक्का माणूसप्रेमी. मुंबई-पणजीत इमारतींच्या टाक्यांत आणि बांधकामावर साठलेल्या पाण्यात वाढणारा ॲनॉफेलिस स्टिफेन्साय आणखी तिसराच. पुद्दुचेरीच्या वाहक नियंत्रण संशोधन केंद्राने ओडिशाच्या मलकानगिरीत फ्लुविअ‍ॅटिलिसवर वेगवेगळ्या जाळ्या तपासल्या त्या याच कारणाने. भारत, केनिया, सुदान, बेनिन आणि कॅमेरून या पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या अभ्यासातला भारताचा भाग छत्तीसगडमधल्या केशकाल परिसरातला, म्हणजे गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर विभागातला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डासांची प्रतिकारशक्ती वाढली तरी जाळी वापरणाऱ्यांना न वापरणाऱ्यांपेक्षा हिवताप कमीच होत असल्याचे आढळले. लाजीच्या झोपड्यांशी हे विसंगत वाटेल. पण लाजीत जाळीला मुद्दाम भोके पाडली होती, गावातली बरीच धड असते. शिवाय जाळीवर टेकून वाचलेली मादी पुढे कमी दिवस जगते, हेही प्रयोगशाळेत दिसले आहे. झोपडी एका रात्रीचा हिशेब देते, गाव कित्येक महिन्यांचा.

ओडिशाचे उदाहरण भारतात वारंवार दिले जाते. २०१७ मध्ये तिथे एक कोटीहून अधिक दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या वाटल्या गेल्या, राज्यातला हिवताप झपाट्याने उतरला आणि देशातली रुग्णसंख्या एका वर्षात २४ टक्क्यांनी घटली. श्रेय जाळ्यांना द्यायचा मोह होतो. पण त्याच काळात दुर्गम वाड्यावस्त्यांवर सामूहिक रक्ततपासणी आणि उपचारांची ‘दमन’ मोहीमही जोरात होती. तुलनेला जाळी न मिळालेले गट राखलेले नसतील, तर कशाने किती झाले हे सांगता येत नाही. वाटप यशस्वी झाले एवढेच अशा आकड्यांवरून म्हणावे.

उरतो प्रश्न टिकाऊपणाचा, आणि बहुतेक जाळ्या इथे मार खातात. तपासनीस घरात जाऊन जाळी चौकटीवर ताणतो आणि भोके मोजतो. अंगठा जाणार नाही एवढे भोक, मूठ जाणार नाही एवढे, डोके जाणार नाही एवढे आणि त्याहून मोठे, असे चार आकार. त्यांना अनुक्रमे १, २३, १९६ आणि ५७६ असे भार देऊन बेरीज करतात. ६४ पर्यंत जाळी चांगली, ६४२ पर्यंत खराब पण वापरण्याजोगी, त्यापुढे निकामी. म्हणजे डोके जाईल एवढी दोन भोके पडली की जाळी संपली, औषध कितीही शिल्लक असो. खाटेचा खिळा, उंदीर, चुलीची ठिणगी, लहान मुलांची ओढाताण ही नेहमीची कारणे. आफ्रिकेत तर मच्छरदाणी घरात टिकण्याचा मध्यम काळ दोन वर्षांहूनही कमी निघाला आहे. तीन वर्षांच्या हिशेबाने वाटप आखणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवायला हवा.

आणि शेवटी वापर. संध्याकाळी अंगणात बसलेल्या किंवा रात्री शेताच्या राखणीला गेलेल्या माणसाला घरातल्या जाळीचा उपयोग नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, त्यामुळे त्याच्यापुढेही तिची मात्रा फार चालत नाही. म्हणून सर्वेक्षणात घरात जाळ्या किती यापेक्षा काल रात्री त्यांखाली कोण झोपले होते, हे विचारतात.

ज्यांना औषधी मच्छरदाणी मिळाली आहे त्यांनी ती साध्या साबणाने हलक्या हाताने धुवावी, ब्लीच वापरू नये, सावलीत वाळवावी, आणि पायरेथ्रॉइड माशांना घातक असल्याने धुण्याचे पाणी तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नये. पहिले भोक दिसताच टाका घालावा. आरोग्य कर्मचारी चाचणीसाठी वापरलेली जाळी मागायला आले तर ती जरूर द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे तिच्या बदल्यात नवी जाळी द्यायची असते, ती मागून घ्यावी.